गिलानुपट्ठान : रुग्णसेवेची सामूहिक जबाबदारी

विनयपिटकातील महावग्गाच्या आठव्या खन्धकाचे नाव चीवरक्खन्धक. नावावरून त्यात केवळ चीवरांचे नियम असावेत असे वाटते. परंतु वैद्य जीवक कोमारभच्च याची कथा आणि आजारी भिक्खूंच्या शुश्रूषेचे नियमही तेथेच आले आहेत. आज रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, समाजसेवा अधीक्षक, सफाई कामगार अशी अनेक माणसे एकाच रुग्णासाठी राबतात. या समूहाची नीती कोणती असावी, याचा विचार करताना हे नियम पुन्हा वाचणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रसंग सुपरिचित आहे. अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत भगवान बुद्ध तेथे आले. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी आपली काळजी घेत नाही, असे त्याने सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे.

करुणेची महती सांगून ही कथा बहुधा येथेच थांबविली जाते. आमच्या मते खरा बोध पुढे आहे. त्या भिक्खूच्या उत्तरात दोन दोष उघड होतात : सेवा ही उपयुक्ततेची परतफेड मानली गेली होती, आणि रुग्ण नेमका कोणाच्या जबाबदारीचा, हे कोणी मनावर घेतले नव्हते. म्हणून भगवंतांनी संघाला एकत्र करून क्रम लावून दिला. प्रथम उपज्झाय, मग आचरिय, त्यानंतर शिष्य व सहाध्यायी. यांपैकी कोणीच नसेल तर सारा संघ. जबाबदारी टाळणाऱ्यास दुक्कटाचा दोष लागतो. अर्थात, ‘सर्वांची जबाबदारी’ ही ‘कोणाचीच नाही’ अशी होऊ नये, म्हणून येथे आधी व्यक्ती ठरते आणि शेवटी समूह बांधला जातो.

शुश्रूषकाचे पाच गुणही सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य ओळखणे, लाभासाठी नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र, वांती काढताना किळस न बाळगणे, आणि वेळोवेळी धम्मकथेने धीर देणे. कौशल्य, ज्ञान, हेतू, श्रम व सांत्वन यांत येथे उच्चनीच भेद नाही. मैला काढण्याचे काम ठरावीक जातींच्या माथी मारणाऱ्या आपल्या समाजाने चौथा गुण विशेष ध्यानात घ्यावा. स्वतः शास्त्याने ते काम केले. मग वॉर्डातील आया वा सफाई कामगार शुश्रूषक-समूहाबाहेरचे कसे ठरतील?

रुग्णाचेही पाच गुण आहेत. त्यांपैकी एक असा की, हितचिंतक शुश्रूषकास त्याने आजार वाढला, घटला की तसाच आहे, हे यथार्थ सांगावे. ‘हितचिंतक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला बोलू दिले जात नाही, जो दटावला जातो, त्याच्याकडून सत्यकथनाची अपेक्षा कशी करावी?

आधुनिक वैद्यकही अशाच निष्कर्षाप्रत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-तपासणी सूची प्रसृत केली. तीनुसार छेद देण्यापूर्वी समूहातील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे असते. २०२३ च्या रुग्ण सुरक्षा दिनाचा विषयही रुग्णाचा सहभाग हाच होता.

साधने व औषधे बदलली, तरी पाळी बदलताना विचारावयाचा प्रश्न तोच आहे : आता या रुग्णाची काळजी कोण घेणार? ज्या रुग्णालयात या प्रश्नाला एका माणसाचे नाव हे उत्तर मिळते आणि ते नाव रुग्णालाही ठाऊक असते, तेथे गिलानुपट्ठानाचा नियम पाळला जात आहे, असे आम्ही समजतो.