काटा नेमका कधी चढतो?

डिझेल इंजिनातल्या कुलंटचे तापमान साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस असावे लागते. ते फार वर गेले तर सिलिंडर हेड वाकण्याची भीती असते, आणि खूप खाली राहिले तर डिझेल नीट जळत नाही. पंधरा-वीस वर्षे चाललेली सुमो, बोलेरो किंवा डिझेल इंडिका तापू लागली, की गॅरेजात बहुधा एकामागून एक भाग बदलले जातात. त्याआधी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कधी चढतो हे पाहिले, तर पुष्कळ खर्च वाचतो. सिग्नलला उभे असताना, घाटात आणि इंजिन सुरू केल्याबरोबर चढणाऱ्या काट्यांची कारणे वेगवेगळी असतात.

पहिला संशय मात्र काट्यावरच घ्यावा. इंजिनात बसवलेल्या सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढेल तसा कमी होतो आणि त्यानुसार काटा हलतो. सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली की काटा थेट लाल पट्ट्यात जातो. वायर तुटली तर जागचा हलत नाही. काही जुन्या गाड्यांत तापमानाच्या आणि डिझेलच्या काट्याला एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून वीज मिळते. दोन्ही काटे जोडीने वर सरकले, तर दोष तिथे शोधावा. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून खरा आकडा कळतो, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावून घ्यावी. सर्वांत फसवा प्रकार उलटा असतो. पाणी इतके घटते की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. चढलेला काटा एकाएकी पडला, तर गाडी ताबडतोब बंद करावी.

काटा खरा ठरला, की रेडिएटरच्या झाकणाकडे वळावे. साधे पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळते. झाकणाने सुमारे 1 बार दाब धरला तर 120 अंशांच्या आसपास. रबर सुकलेल्या झाकणाला हा दाब पेलत नाही. मग महाबळेश्वरच्या उंचीवर, जिथे उघडे पाणी 95-96 अंशांनाच उकळते, ठणठणीत इंजिनही बॉइल मारू शकते. गाडी थंड झाल्यावर वरचा होजपाइप चपटा दिसला, तर झाकणातला उलटा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. गरम इंजिनाचे झाकण मात्र उघडू नये. दाब सुटताच 100 अंशांपलीकडचे पाणी उसळून वाफ होते आणि हात-तोंड भाजते.

उभ्या गाडीत तापमान चढते आणि वेग घेतला की उतरते, तेव्हा दोष पंख्याचा असतो. इंडिकात पंखा विजेवर चालतो, म्हणून फ्यूज, रिले आणि पंख्याचा स्विच तपासावा. बोलेरोसारख्या गाड्यांत तो इंजिनच्याच जोरावर फिरतो आणि मध्ये सिलिकॉन द्रव भरलेला क्लच असतो. तापलेले इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने अगदी सैल फिरला, तर क्लच संपला असे समजावे.

खंबाटकी किंवा कसारा घाटातच गाडी तापत असेल, तर उष्णता तयार होते तितकी बाहेर जात नाही. रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवावा. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या क्षाराने बुजलेल्या आहेत. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरल्याचा हा परिणाम असतो. रॉडिंग करून नळ्या मोकळ्या होतात, पण इंजिन ब्लॉकमधला क्षार तसाच राहतो. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी झिरपत असेल, तर त्याचे सील गेले आहे.

थर्मोस्टॅट वॉल काढून टाकणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. तो उपाय नव्हेच. काही इंजिनांत हा वॉल उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. वॉलच नसेल तर गरम पाणी रेडिएटर टाळून इंजिनातच फिरते आणि गाडी आणखी तापते. इतर इंजिनांत उलट घडते, इंजिन कधी पुरते तापतच नाही. डिझेल इंजिन कमी भारावर मुळातच थोडी उष्णता निर्माण करते, त्यामुळे थंडीच्या सकाळी पांढरा धूर, जास्त डिझेल आणि सिलिंडरची झीज ओढवते. वॉल उघडाच अडकला तरी हीच लक्षणे दिसतात. तपासणी घरीही होते. वॉल दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकता, लटकवावा आणि पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या जवळपास, समजा 82 ला, तो उघडू लागला पाहिजे.

थंड इंजिन सुरू करताच मिनिट-दोन मिनिटांत वरचा होजपाइप टणक झाला, रिझर्व्ह बाटलीत बुडबुडे सुटत राहिले, गळती नसताना पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केटकडे बोट जाते. कुलंटमध्ये धूर मिसळतो का, हे रंग बदलणाऱ्या द्रवाच्या टेस्टरने पक्के करावे. ऑइलच्या झाकणाला लागलेल्या पांढऱ्या साईवरून एकदम हेड उतरवू नये; गाडी नेहमी थोड्या अंतरासाठीच वापरली तरी ती धरते.

दुरुस्तीनंतर शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मे कुलंट मिसळून भरावे. हीटर गरमवर ठेवावा, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी. आत हवा अडकून राहिली, तर नवा वॉल आणि नवा पंप घालूनही काटा पुन्हा चढतो.