मॅकडॉवेल काउंटीचा किराणा : कंपनीच्या दुकानापासून बंद वॉलमार्टपर्यंत

मॅकडॉवेल ही अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याची सर्वांत दक्षिणेकडील काउंटी. ॲपलेशियन डोंगरांतला हा मुलूख सुमारे १,३८५ चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा आहे. १९५०च्या जनगणनेत येथे ९८,८८७ लोक होते. २०२०मध्ये १९,१११ उरले. लोकसंख्येची ही घसरण कोळशाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. तीच घसरण पीठ, दूध आणि भाजी मिळण्याच्या अंगाने पाहिली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते : येथील मोठे दुकान बहुतेक काळ येथल्या लोकांच्या हातात नव्हते.

डोंगर उभ्या चढणीचे, दऱ्या अरुंद, आणि सपाट जमीन म्हणजे ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी. १८९०च्या सुमारास रेल्वे आली आणि तिच्यामागून खाणी आल्या. कामगार आणून वसवायचे म्हणून कंपन्यांनी घरे बांधली, दवाखाने आणि शाळा काढल्या, आणि प्रत्येक खाणवस्तीत कंपनीचे दुकान उघडले. तेथे पीठ-मीठ, बूट, कापड, कुदळ-फावडे, औषधे सारे एका छपराखाली मिळे. पगाराच्या दिवसापर्यंत दम निघत नसेल त्याला उचल मिळे, पण ती रोख नव्हे. कंपनी आपले नाव कोरलेली धातूची टोकने देई. ती तिच्याच दुकानात पूर्ण किमतीला चालत. पगाराच्या दिवशी घरभाडे, कोळसा, डॉक्टर आणि दुकानाची उधारी वजा होई, आणि कित्येकदा हातात काहीच पडत नसे. या व्यवस्थेतली पिळवणूक उघड होती. तरीही एवढे मान्य करावे लागते की दुकान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि त्यात माल होता. परसात बटाटे, शेंगा, मका लावणे, हिवाळ्यासाठी काचेच्या बरण्यांत भाजी भरून ठेवणे, एखादे डुक्कर पाळणे, हा खाणकुटुंबांचा दुसरा आधार होता.

वेल्च हे काउंटीचे मुख्यालय. शनिवारी तेथे बाजाराला इतकी गर्दी होई की १९४१ साली नगरपालिकेने मोटारी लावण्यासाठी चक्क बहुमजली इमारत बांधली. तशी नगरपालिकेच्या मालकीची इमारत देशात पहिलीच, असा गावाचा दावा आहे.

ही भरभराट यंत्रांनी मोडली. १९५०च्या करारात खाणकामगार संघटनेने यांत्रिकीकरणाला वाट दिली. त्या बदल्यात उरलेल्यांचे वेतन वाढले आणि आरोग्यनिधी मिळाला. पण जेथे शंभर माणसे लागत तेथे आता थोडी पुरू लागली. १९६०पर्यंत काउंटीची लोकसंख्या ७१,३५९वर आली. मागे राहिलेल्यांत बेकार, वृद्ध आणि फुप्फुसात कोळशाची धूळ गेलेले पुष्कळ होते. त्यांना सरकारकडून शिलकी शेतमाल वाटला जाई : पीठ, मक्याचे पीठ, दुधाची भुकटी असे जिन्नस. भाजी, फळे, ताजे मांस त्यात नसे.

१९६०च्या वसंतात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जॉन केनेडी वेस्ट व्हर्जिनियात फिरले, मॅकडॉवेलमध्येही आले. जानेवारी १९६१मध्ये सत्तेवर येताच त्यांचा पहिला कार्यकारी आदेश या शिधावाटपात वाढ करणारा होता. त्यापाठोपाठ आठ भागांत फूड स्टॅम्पचा, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी कूपनांचा, प्रयोग सुरू झाला आणि त्यातले पहिले कूपन मॅकडॉवेलमध्ये दिले गेले. २९ मे १९६१ रोजी वेल्च येथे एका बेकार खाणकामगाराच्या पंधरा माणसांच्या कुटुंबाला ९५ डॉलरची कूपने मिळाली, आणि जवळच्या सुपरमार्केटात त्यांवर घेतलेली पहिली वस्तू होती डुकराच्या मांसासह शिजवलेल्या घेवड्याचा डबा. तेव्हा कूपने फुकट नव्हती. ऐपतीप्रमाणे काही रक्कम भरून त्याहून अधिक किमतीची कूपने मिळत. ही अट १९७७च्या कायद्याने गेली. १९६४मध्ये कायम झालेली ही योजना २००८पासून ‘स्नॅप’ या नावाने चालते आणि कूपनाच्या जागी कार्ड आले आहे.

भारतातल्या रेशनव्यवस्थेत सरकार धान्य देते आणि ते वाटणारे दुकानही नेमते. अमेरिकी योजनेने गरिबाच्या हाती खर्चायची ताकद दिली, दुकान मात्र बाजारावर सोडले. दुकाने भरपूर होती तोवर ही योजना अधिक सुटसुटीत आणि अधिक सन्मानाची ठरली, यात शंका नाही. तिची दुसरी बाजू दुकाने उठू लागल्यावर दिसली.

१९८०च्या दशकात पोलादउद्योगाला उतरती कळा लागली. या काउंटीत यू. एस. स्टीलच्या खाणींसाठी वसवलेले गॅरी हे गाव. तेथल्या खाणी १९८६मध्ये बंद झाल्या. पगारावर चालणारी किराणा दुकाने, खाणावळी, बेकऱ्या एकामागून एक मिटल्या. २००१च्या जुलैत आणि पुन्हा २००२च्या मे महिन्यात आलेल्या पुरांनी ओढ्याकाठच्या वस्त्या धुऊन नेल्या. दुकाने आणि घरे त्याच सपाट पट्टीवर असल्याने नुकसानही दोहोंचे एकदम झाले.

वॉलमार्टचे सुपरसेंटर काउंटीतल्या किंबॉल गावी २००५मध्ये आले. वर्षानुवर्षे लोक खरेदीसाठी डोंगर ओलांडत होते. आता ताजी भाजी, औषधे, मुलांचे कपडे काउंटीतच मिळू लागले. लहान दुकानांचे उरलेसुरले गिऱ्हाईक त्याने ओढले, हेही तितकेच खरे. जानेवारी २०१६मध्ये कंपनीने जगभरातली २६९ दुकाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि किंबॉलचे नाव त्या यादीत होते. दोन आठवड्यांत दार बंद झाले. सुमारे १४० नोकऱ्या गेल्या, कराचे उत्पन्न गेले, आणि गरजूंना अन्न वाटणाऱ्या गावातल्या फूड बँकेला वॉलमार्टकडून मिळणारे शिलकी अन्नही थांबले. कंपनीच्या दुकानाचा मालक निदान खाणीशी बांधलेला होता. या दुकानाचा निर्णय आर्कान्सॉमधल्या मुख्यालयात झाला. वेल्चमध्ये एक स्थानिक मालकीचे सुपरमार्केट टिकून राहिले. मोठ्या खरेदीला मात्र काउंटीबाहेरचे ब्लूफील्ड किंवा प्रिन्स्टन गाठावे लागते. वळणावळणाच्या रस्त्याने काउंटीच्या बऱ्याच भागातून जायला तास आणि यायला तास. गाडी नसलेला माणूस शेजाऱ्याला पेट्रोलचे पैसे देऊन जातो, म्हणजे किराण्याचे बिल घरातून निघतानाच वाढलेले असते.

अशा भागांना ‘फूड डेझर्ट’ म्हणण्याची पद्धत आहे. अमेरिकी कृषिखात्याच्या व्याख्येत ग्रामीण भागात सुपरमार्केट दहा मैलांहून, म्हणजे सोळा किलोमीटरहून दूर असेल तर तो भाग ‘दूरस्थ’ ठरतो. त्याला गरिबीच्या निकषाची जोड हवी. खात्याचा नकाशा हे अंतर सरळ रेषेत मोजतो. कॅन्ससच्या मैदानात त्याने फारसे बिघडत नाही, पण मॅकडॉवेलमध्ये सरळ रेषा डोंगराच्या पोटातून जाते आणि रस्ता त्याला वळसा घालतो. कागदावर जवळ असलेली वस्ती प्रत्यक्षात दूर असण्याचे हे साधे कारण आहे.

ग्रामीण अमेरिकेत अशा मोकळ्या जागी बहुधा डॉलर जनरलसारखी दुकाने आली. या कंपनीच्या शाखांची संख्या २०२४मध्ये २०,०००वर गेली. दुकान छोटे, नोकर दोन-तीन. माल डबाबंद, गोठवलेला किंवा पाकिटातला. काही शाखांत आता भाजी-फळे असतात, बहुतेकांत नाही. स्नॅपचे कार्ड तेथे चालते. हे दुकान गरज भागवते आणि शेजारच्या किराणा दुकानाला टिकाव धरण्यापुरता मिळणारा नफाही खाते. त्यात घाऊक भावाचा प्रश्न आहे. मोठ्या साखळीला मिळणारी सूट लहान दुकानदाराला मिळत नाही. ठरावीक रकमेखालच्या मागणीसाठी डोंगरात ट्रक पाठवणे वितरकाला परवडत नाही. अशी भेदभावाची सूट रोखणारा कायदा १९३६पासून आहे. १९८०च्या दशकापासून त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली.

दुकान उघडले की आहार सुधारतो, ही समजूत मात्र तपासणीत टिकली नाही. ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासानुसार गरीब आणि श्रीमंत घरांच्या आहारातला फरक दुकानांच्या उपलब्धतेने फक्त दहा टक्क्यांच्या आसपास समजावता येतो. बाकीचे उत्पन्न, शिक्षण, सवय यांच्या खात्यात जाते. या निष्कर्षाचा आधार घेऊन दुकानाचा प्रश्नच गौण ठरवण्यात आला, ते पटत नाही. अभ्यासात मोजला होता तो खरेदीच्या टोपलीतला पोषणाचा दर्जा. दोन तासांचा प्रवास, पेट्रोल, आणि म्हातारपणी दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहणे हे त्या मोजमापात येत नाही.

वॉलमार्ट गेल्यावर काउंटीने ज्यांच्या जोरावर तग धरला त्यांत शाळा महत्त्वाची. गरिबीचे प्रमाण मोठे असलेल्या शाळांत अर्ज न भरता सर्व मुलांना मोफत नाश्ता आणि जेवण देण्याची केंद्राची सोय वेस्ट व्हर्जिनियाने लवकर स्वीकारली. किंबॉलच्या फूड बँकेने वाटपाबरोबर भाजीपाला पिकवण्याचेही प्रयत्न केले. ऑनलाइन किराण्यावर २०२०पासून स्नॅप चालते, पण घळीतल्या घरापर्यंत पोच देणारी गाडी मिळणे अवघड. जुन्या खाणवस्त्यांतल्या जलवाहिन्या जीर्ण झाल्याने काही कुटुंबे रस्त्याकडेच्या झऱ्यावरून पिण्याचे पाणी भरतात. तेथे किराण्याच्या यादीत बाटलीबंद पाणीही असते. फेब्रुवारी २०२५च्या पुराने पुन्हा रस्ते तोडले.

वेस्ट व्हर्जिनियात स्नॅपची रक्कम आडनावाच्या क्रमाने महिन्याच्या १ ते ९ तारखेदरम्यान कार्डावर जमा होते. लहान दुकानदाराचा महिनाही त्यानुसार चालतो : पहिल्या दहा दिवसांत फळ्या भरायच्या, शेवटच्या आठवड्यात नाशवंत माल कमी मागवायचा. या विक्रीवर तो किती अवलंबून आहे ते यावरून कळते. त्याच स्नॅपसाठीची कामाची अट जुलै २०२५च्या केंद्रीय कायद्याने ६४ वर्षांपर्यंतच्या धडधाकट प्रौढांना लावली. प्रशासकीय खर्चातला राज्यांचा वाटा २०२६च्या ऑक्टोबरपासून ५०वरून ७५ टक्क्यांवर जातो, आणि त्यानंतरच्या वर्षापासून चुकीच्या वाटपाचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांना प्रत्यक्ष मदतीचाही काही भाग स्वतः उचलावा लागेल.