मांडवीच्या उन्हात निट मोजताना

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दुपारी एक हालचाल सतत दिसते. होडीवरचा माणूस खिशातून मोबाइल काढतो, दुसऱ्या हाताचा आडोसा करतो आणि स्क्रीनवर पार वाकतो. हवामानाचा इशारा असो की व्यापाऱ्याचा निरोप, उन्हात सगळं काळंच. जाहिरातीत मात्र हजार, दोन हजार निटचा आकडा असतो. तो उन्हात जातो कुठे, हे मला मोजूनच पाहायचं होतं.

निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कॅन्डेला. स्क्रीन किती उजळ दिसते त्याचं माप. पृष्ठभागावर किती उजेड पडतो, ते लक्समध्ये मोजतात. साध्या लक्समीटरनेही निटचा अंदाज येतो. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन पूर्ण पांढरी करायची, मीटरचा सेन्सर तिला टेकवायचा आणि आलेल्या आकड्याला ३.१४ने भागायचं. ब्राइटनेस हाताने शेवटपर्यंत नेल्यावर माझ्या फोनने १,५०० लक्सच्या आसपास दाखवले, म्हणजे ५०० निटच्या जरा आत. मग ऑटो ब्राइटनेस चालू करून फोनच्या प्रकाशसेन्सरवर टॉर्च मारला, तेव्हा आकडा एकदम वर गेला. ही वाढीव ताकद उन्हासाठीच राखून ठेवलेली असते. ओएलईडी स्क्रीनचा जाहिरातीतला कमाल आकडा तर बहुधा स्क्रीनचा छोटा तुकडाच पांढरा असतानाचा असतो.

ब्राइटनेसची पट्टी अर्ध्यावर आणली की निट अर्धे होतात असंही नाही. बरेच कमी होतात. डोळ्याला उजेडातला फरक पटीत जाणवतो, म्हणून २०१८च्या अँड्रॉइड ९पासून पट्टीच तशी आखली आहे.

पण खरा उलगडा मांडवी किनाऱ्याच्या वाळूत झाला. उतरत्या दुपारी सूर्याकडे धरलेला मीटर ८०,००० लक्सच्या घरात होता. माझा कुर्ता पांढरा. एवढ्या उन्हात पांढरं कापड सुमारे २०,००० निटने चमकतं आणि साधी काच समोरून पडलेल्या उजेडातला ४ टक्के तरी परत फेकते. म्हणजे स्क्रीनवर ८०० निटचा माझाच कुर्ता, आणि त्याच्याखाली, ऑटो ब्राइटनेस बंद असताना, ५०० निटची अक्षरं! सूर्याकडे पाठ केली, कुर्ता सावलीत गेला, आणि ब्राइटनेसला हात न लावता अक्षरं वाचता आली. मांडवीची काळी वाळू खालून फारसा उजेड परतवत नाही; रत्नदुर्ग किल्ल्यापलीकडे पांढऱ्या वाळूच्या ‘पांढऱ्या समुद्रा’वर तेवढी सोय नाही.

दर्यावर किंवा बागेत राबणाऱ्याने फोन घेताना निटइतकंच काचेच्या परावर्तनाबद्दल विचारलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळेच फोन छान दिसतात. शक्य तर फोन दाराबाहेर नेऊन, अंगावरच्या कपड्यांचं प्रतिबिंब पडेल असा धरून पाहावा, आणि तोही जरा वेळ. कारण फोन तापला की तो स्वतःला जपण्यासाठी ब्राइटनेस आपणहून उतरवतो, आणि एप्रिलच्या उन्हात तापायला त्याला फार वेळ लागत नाही.