जिवंत खडकाची शुश्रूषा

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे वसलेलें आहे. येथील दगड काळा, घट्ट व अग्निजन्य. आणि आपली गोदावरी पश्चिमेचा समुद्र जवळ असतां त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस जाते. अशा गांवीं समुद्राच्या तळच्या खडकाविषयीं लिहिण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन हें कीं, खाऱ्या पाण्याचीं मत्स्यालयें आतां समुद्रापासून दूरच्या शहरांतहि हौशी लोक बाळगूं लागले आहेत. हौस ओसरली म्हणजे काचेच्या पेटींतील खडक हिरवा, घाणेरडा होऊन पडतो, आणि मग तो फेंकून देऊन नवा आणावा असें मालकास वाटतें. तसें न करितां तो पुन्हां निरोगी कसा करावा, आणि तेवढे श्रम कां घ्यावे, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम, खडकास ‘जिवंत’ कां म्हणावें तें पाहूं. प्रवाळ हा एक लहानसा प्राणी आहे. तो समुद्राच्या पाण्यांतील द्रव्यें घेऊन आपल्याभोंवतीं चुन्याचा सांगाडा रचतो. असे असंख्य सांगाडे पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक सांचून प्रवाळभित्ति बनते, आणि लाटांच्या माऱ्यानें तिचे तुकडे सुटून तळाशीं पडतात. हेच ते खडक. त्यांचें मूळ द्रव्य खडूप्रमाणेंच कॅल्शियम कार्बोनेट होय. ते स्पंजासारखे सच्छिद्र असतात. त्यांच्या पाठीवर गुलाबी व जांभळें चुनखडीचें शेवाळ वाढतें, आणि भोंकांतून कृमि, स्पंज, लहान शिंपले व डोळ्यांस न दिसणारे अगणित सूक्ष्मजंतु राहतात. दगड निर्जीव खरा. पण तो एका संपूर्ण वस्तीचें घर आहे, म्हणून त्यास इंग्रजी नांवावरून ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत खडक, असें म्हणतात.

ही वस्ती मोठें उपयुक्त काम करिते. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया नांवाचें विष उत्पन्न होतें. खडकाच्या पृष्ठभागावरील जंतु प्रथम त्याचें नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. जमिनींतील अशा जंतूंचा शोध विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास लाविला. खडकाच्या अंतर्भागीं, जेथें प्राणवायु फारसा पोंचत नाहीं, तेथें दुसऱ्या जातीचे जंतु नायट्रेटचे विघटन करून निरुपद्रवी नायट्रोजन वायु मोकळा करितात. मत्स्यालयांत ह्या खडकाचा असा उपयोग जकार्ता येथील ली चिन एंग ह्यांनीं १९६१ च्या सुमारास लोकांपुढें मांडला. तात्पर्य, खडक हा पेटीची केवळ शोभा नसून तिचें मूत्रपिंड आहे.

आतां तो आजारी कसा पडतो? उन्हाळ्यांत नाशिकचा पारा कधीं कधीं चाळीस अंशांवर चढतो. पेटींतील पाणी वाफ होऊन जातें, मीठ मात्र मागें राहतें, आणि राहिलेलें पाणी अधिकाधिक खारट होतें. पुष्कळ लोक तूट भरून काढण्यास पुन्हां खारें पाणीच ओततात; त्यानें दोष वाढतो. तूट नेहमीं शुद्ध गोड्या पाण्यानें भरावी. वीज गेली कीं पंप थांबतो, आणि पाण्यांतला प्राणवायु घटतो. शिवाय नळाच्या व विहिरीच्या पाण्यांतून आणि माशांच्या खाद्यांतून फॉस्फेट येतें. तें सच्छिद्र खडकांत हळूहळू मुरतें व केंसाळ हिरव्या शेवाळाचें पोषण करितें. छिद्रांत गाळ भरला कीं आंतील जंतूंची वस्ती गुदमरते.

उपचारापूर्वीं परीक्षा करावी. खडक ओला राहिला असेल व त्यास समुद्राचाच वास येत असेल, तर त्यांत पुष्कळ जीव शिल्लक आहे असें समजावें. कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर आंत बरेंच कांहीं कुजलें आहे. तरीहि आशा सोडूं नये. खडक पूर्ण वाळला असेल तर वस्ती मेली. पण घर उभें आहे, आणि निरोगी खडकाचा एक तुकडा शेजारीं ठेविल्यास तें पुन्हां वसतें. मग पाण्याचा खारटपणा, उष्णता, अमोनिया, नायट्रेट व फॉस्फेट मोजून वहींत टिपावें. खारटपणा वाढलेला असल्यास गोडें पाणी थोडें थोडें घालून तो कांहीं दिवसांत उतरवावा. एका दिवसांत उतरवूं नये.

पेटींत मासे असतील, तर सर्व खडक एकदम काढूं नयेत. मूत्रपिंडच काढून घेतल्यासारखें होईल. एका वेळीं एक तृतीयांश काढावे. शुद्ध पाण्याच्या एका लिटरांत समुद्री मीठ सुमारें ३५ ग्रॅम विरघळवून नवें खारें पाणी करावें, आणि त्याच्या बादलींत खडक हलवून हलवून धुवावा. नळाखालीं कधीं धरूं नये: गोड्या पाण्यानें सूक्ष्म प्राणी फुगून मरतात, व क्लोरीन जंतूंचा नाश करितें. शेवाळ पेटीबाहेर ताठ ब्रशानें खरवडावें. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा अवश्य असावा. खडक कधींहि उकळूं नये, कारण त्यावरील कांहीं जातींच्या प्राण्यांत अत्यंत उग्र विष असतें, व तें वाफेबरोबर श्वासांत जाऊन माणसें आजारी पडलीं आहेत. काचेसारखा दिसणारा एक लहान समुद्रफूल-प्राणी खडकावर माजतो. त्यास कापूं नये, कारण त्याच्या तुकड्यांपासून नवे प्राणी होतात. शुद्ध विरविलेल्या चुन्याची दाट लापशी पिचकारीनें त्याच्या मुखांत घातल्यास तो मरतो.

पुढील उपचार अंधाराचा. धुतलेले खडक झांकण असलेल्या पिंपांत, खाऱ्या पाण्यांत, चार ते आठ आठवडे ठेवावे. पाणी २५ ते २६ अंश उष्णतेचें असावें, आणि पंपानें तें सतत खेळतें ठेवावें. प्रकाशावांचून शेवाळाची उपासमार होते. जंतूंस प्रकाशाची गरज नाहीं, म्हणून ते आपलें काम चालूंच ठेवितात आणि छिद्रांतला गाळ बाहेर टाकितात. दर आठवड्यास तळचा गाळ काढून पाणी बदलावें व फॉस्फेट मोजावें. मुरलेलें फॉस्फेट एकदम निघत नाहीं. पाणी बदलल्यावर तें पुन्हां चढतें, पुन्हां बदलावें लागतें. येथें धीर हेंच औषध. अमोनिया व नायट्राइट लागोपाठच्या मोजण्यांत शून्य आले, फॉस्फेटचें चढणें थांबलें, आणि गाळ पडेनासा झाला, म्हणजे खडक बरा झाला असें समजावें. मग तो परत पेटींत, पाणी सर्व बाजूंनीं खेळेल असा मोकळा रचावा, आणि दिवे आरंभीं थोडे तासच लावावे. जांभळे ठिपके दिसूं लागले कीं श्रम फळास आले.

इतकी खटपट करण्यापेक्षां नवा खडक कां आणूं नये? कारण तो कोठून तरी तोडलेला असतो. कठीण प्रवाळाच्या सर्व जातींस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ सालापासून पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तींत, स्थान दिलें आहे. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणें हा गुन्हा आहे. मालवणजवळचा २९ चौरस किलोमीटरांचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि तेथें आपल्याच महाराष्ट्राचें प्रवाळ वाढतें. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठीं २०२० सालीं वरळी व हाजीअली येथील १८ प्रवाळवसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं दुसऱ्या जागीं हलविल्या. एवढ्या मोठ्या रस्त्याच्या कामांत अठरा लहान वसाहतींसाठीं इतकें जपावें लागलें, ह्यावरून त्यांचें मोल कळतें. आणि समुद्र तापत चालल्यामुळें जगांतील प्रवाळ पांढरें पडून मरत असतां, आपल्या हौसेसाठीं त्यांत आणखी घट करणें योग्य नव्हे.

ज्यांच्या घरीं किंवा ओळखींत अशी एखादी हिरवी, विसरलेली पेटी असेल, त्यांनीं ती फेंकण्यापूर्वीं एक बादली, एक ब्रश व दोन महिन्यांचा धीर एवढें भांडवल घालून पाहावें. जो तुकडा समुद्रास परत देतां येत नाहीं, तो आपल्या हातीं आहे तोंवर जिवंत ठेवणें हें त्याच्या मालकाचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.