फॉरवर्डमागचा कागद

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. त्यानंतर काही दिवसांतच एक व्हिडिओ राज्यभर फिरू लागला. धुळे ग्रामीण मतदारसंघातलं अवधान गाव, रस्त्यावर उतरलेले गावकरी, आणि सोबत दावा असा की काँग्रेसचे उमेदवार कुणाल पाटील यांना या गावातून शून्य मतं मिळाली. पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत असा व्हिडिओ पोहोचायला वेळ लागत नाही. इथल्या कारखान्यांत आणि चाळींत खानदेश, मराठवाडा, विदर्भ सगळीकडची माणसं आहेत. प्रत्येकाच्या फोनमध्ये गावचा एक ग्रुप, सोसायटीचा एक आणि कंपनीचा एक असतो. गावच्या ग्रुपवर सकाळी आलेली गोष्ट दुपारच्या डब्यापर्यंत शॉपफ्लोअरवर येते, आणि तोवर ती कुणी पाठवली हे सांगता येत नाही.

अवधानचा दावा खरा की खोटा हे ठरवायला व्हिडिओ कितीही वेळा पाहून उपयोग नव्हता. गावकऱ्यांचा राग खरा असू शकतो आणि आकडा चुकीचा असू शकतो. उत्तर होतं फॉर्म २० नावाच्या तक्त्यात. अवधानच्या २४७ ते २५० या चार मतदान केंद्रांवर कुणाल पाटील यांना अनुक्रमे २२७, २३४, २५२ आणि ३४४, म्हणजे एकूण १,०५७ मतं मिळाली होती. धुळे जिल्हा प्रशासनाने हे आकडे जाहीर केले आणि शून्याचा दावा तिथेच संपला.

हा फॉर्म २० कसा तयार होतो हे प्रत्येक मतदाराला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं ‘क्लोज’ बटण दाबतो आणि एकूण मतांची संख्या फॉर्म १७-सी वर लिहितो. त्यावर यंत्राचा क्रमांक असतो, नोंदवहीत सही केलेल्या मतदारांची संख्या असते, आणि यंत्रात पडलेली मतं असतात. हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत द्यावी असा १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम आहे. मतमोजणीच्या दिवशी टेबलावर तेच यंत्र येतं, तोच क्रमांक तपासला जातो, ‘रिझल्ट’ दाबल्यावर उमेदवारनिहाय मतं दिसतात आणि बेरीज १७-सी शी जुळवली जाते. मग सगळ्या केंद्रांची एकेक ओळ धरून जो मोठा तक्ता होतो तो फॉर्म २०. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. भोसरी विधानसभेचा क्रमांक २०७. आपल्या केंद्राचा क्रमांक मतदार चिठ्ठीवर असतोच, तेव्हा आपल्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती मतं पडली हे घरबसल्या वाचता येतं. (या तक्त्याची दुसरी बाजूही आहे. कोणत्या वस्तीने आपल्याला मत दिलं नाही हे निवडून आलेल्यालाही त्यातूनच कळतं. म्हणून अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ आणावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं. ते अजून वापरात आलेलं नाही.)

भोसरीच्या वाचकाने कुठल्याही राजकीय बातमीला आधी एक साधा प्रश्न विचारावा: हे कोणत्या निवडणुकीचं आणि कोणत्या मतदारसंघाचं आहे? पिंपरी-चिंचवड हे एक शहर असलं, तरी लोकसभेला ते दोन ठिकाणी वाटलेलं आहे. चिंचवड आणि पिंपरी मावळमध्ये येतात, भोसरी शिरूरमध्ये. २०२४ च्या लोकसभेला शिरूरमधून अमोल कोल्हे निवडून आले, पण भोसरी विधानसभा क्षेत्रात आघाडी शिवाजीराव आढळराव पाटील यांना होती. तेव्हा ‘भोसरीने कोल्ह्यांना नाकारलं’ आणि ‘शिरूरने कोल्ह्यांना निवडलं’ ही दोन्ही वाक्यं एकाच तक्त्यातून निघतात. त्यातलं एकच वाक्य वापरून जो निष्कर्ष काढतो, तो खोटं बोलत नाही, तरी ऐकणाऱ्याची फसगत होते. भोसरीतल्या क्वालिटी विभागातला माणूस जॉब नुसता डोळ्यांनी पाहून पास करत नाही. ड्रॉइंग समोर ठेवतो आणि त्यातल्या नेमक्या त्या मापाला व्हर्नियर लावतो. बातमीलाही असंच ड्रॉइंग लागतं, आणि ते त्याच जॉबचं असावं लागतं.

आकडा खरा असूनही गोंधळ कसा होतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत घडलं. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता मतदानाची टक्केवारी ५८.२२ सांगितली गेली. अंतिम टक्केवारी निघाली ६६.०५. एवढी मतं पाचनंतर आली कुठून, हा प्रश्न विरोधी पक्षांनी विचारला आणि तो विचारण्यात गैर काही नव्हतं. पण दोन आकडे दोन वेगळ्या मार्गांनी येतात हे समजल्याशिवाय उत्तर वाचता येत नाही. दिवसभराची टक्केवारी ही तेव्हा केंद्रांवरून तोंडी किंवा ॲपवरून येणाऱ्या अंदाजांची बेरीज होती. केंद्राध्यक्ष रांग सांभाळण्यात, सेक्टर अधिकारी अनेक केंद्रांच्या फेरीत, त्यामुळे पाचचा आकडा प्रत्यक्षात आधीचा होता. सहा वाजता जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू दिलं जातं. राज्यात एक लाखाहून अधिक केंद्रं होती. अंतिम आकडा येतो तो १७-सी वरून, म्हणजे सही झालेल्या कागदावरून. आयोगाने डिसेंबरमध्ये काँग्रेसला दिलेल्या उत्तरात हेच सांगितलं. हे उत्तर पटलं नाही, तर तपासायची वाट तीच: ज्या केंद्रावर संशय आहे तिथली प्रतिनिधीकडची १७-सी ची प्रत आणि फॉर्म २० ची ओळ शेजारी ठेवायची.

याच सुमारास दुसरा हिशेब पुढे आला. मतदान ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली मतं ६,४५,९२,५०८, म्हणजे पाच लाख चार हजार मतं जास्त. दोन्ही आकडे आयोगाचेच होते आणि वजाबाकीही बरोबर होती. चूक होती ती दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे समजण्यात. पहिला आकडा फक्त यंत्रांवर पडलेल्या मतांचा होता, दुसऱ्यात टपाली मतंही होती. राज्यातली वैध टपाली मतं होती ५,३८,२२५. ती पहिल्या आकड्यात मिळवली की ६,४६,२६,४२० होतात. म्हणजे मोजलेली मतं जास्त नसून सुमारे चौतीस हजारांनी कमी निघतात. आता कुणी विचारेल, कमी का? मॉक पोलची मतं पुसायची राहून गेली, किंवा यंत्रातला आकडा १७-सी शी जुळला नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर अशा यंत्रांमधल्या मतांपेक्षा जास्त असेल तर ती मतं मोजत नाहीत. अंतर कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. एवढं समजल्यावर पाच लाखांचा दावा उभा राहत नाही.

आकड्यांच्या बाबतीत जाणकारही घसरतात. १७ ऑगस्ट २०२५ ला सीएसडीएस या संशोधन संस्थेचे संजय कुमार यांनी महाराष्ट्रातल्या चार मतदारसंघांची आकडेवारी समाजमाध्यमावर टाकली. लोकसभा ते विधानसभा या सहा महिन्यांत रामटेक आणि देवळालीत मतदार एक तृतीयांशाहून अधिक घटले, तर नाशिक पश्चिम आणि हिंगण्यात चाळीस टक्क्यांहून अधिक वाढले, असं त्यातून दिसत होतं. १९ तारखेला त्यांनी ती पोस्ट काढून टाकली आणि माफी मागितली. आमच्या पथकाने तक्त्यातली ओळ चुकीची वाचली, असं त्यांनी लिहिलं. दोन दिवसांत तो आकडा भाषणांत आणि चर्चांत शिरला होता. सहा महिन्यांत एखाद्या मतदारसंघातले एक तृतीयांश मतदार नाहीसे होत असतील, तर आधी तक्त्याची ओळ पुन्हा बोटाने मोजावी, एवढी खबरदारी आपण सगळेच घेऊ शकतो. चूक जाहीरपणे मान्य झाली हेही मी तितकंच महत्त्वाचं मानतो. आंतरराष्ट्रीय फॅक्ट-चेकिंग नेटवर्कच्या आचारसंहितेत दुरुस्तीचं धोरण उघड असणं ही एक अटच आहे. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांची मराठी पानं वाचताना निष्कर्षाच्या आधी तेच पाहावं: मूळ कागदाचा दुवा दिलाय का, आणि चूक झाल्यावर ती कुठे नोंदवली जाते.

आवाजाच्या बाबतीत मात्र कागद मदतीला येत नाही. १९ नोव्हेंबर २०२४ ला, मतदानाच्या आदल्या दिवशी, चार ध्वनिफिती बाहेर आल्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून सांगितलेले आवाज, आणि विषय निवडणुकीसाठी बिटकॉइनमधून पैसा. पुण्यातल्या जुन्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासाशी जोडलेला हा आरोप होता. सुळे यांनी तो फेटाळून तक्रार केली. अजित पवार यांनी मात्र आवाज बहिणीचाच असल्याचं माध्यमांना सांगितलं. ‘बूम’ या फॅक्ट-चेक संस्थेने फिती डीपफेक ओळखणाऱ्या साधनांवर तपासल्या आणि चारपैकी किमान तीन कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या दिसतात असं प्रसिद्ध केलं. अगदी जवळच्या माणसाचा कान आणि यंत्राचा निष्कर्ष इथे समोरासमोर उभे राहिले. नक्कल केलेला आवाज कानाला खराच वाटतो, कारण तो खऱ्या नमुन्यांवरूनच तयार होतो. म्हणून ‘मी आवाज ओळखतो’ हा आता पुरावा राहिलेला नाही. यंत्राचं उत्तरही शक्यतेच्या भाषेतलं असतं. फीत फार छोटी असली, गोंगाट असला, किंवा अनेकदा फॉरवर्ड होऊन घासली गेली असली, की ते उत्तर कच्चं होतं.

अशा वेळी वेळापत्रक पाहावं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. या शांततेत आलेल्या गोष्टीला उत्तर द्यायला समोरच्याला सभा घेता येत नाही आणि तपासणाऱ्याला पुरेसा वेळ मिळत नाही. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये नेमक्या अशाच शांततेच्या काळात एका पक्षनेत्याची बनावट ध्वनिफीत फिरली. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षात, जानेवारी २०२४ मध्ये, न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीच्या दोन दिवस आधी बायडन यांच्या नकली आवाजातले फोन मतदारांना गेले: आता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. खोट्या मजकुराचं गणित जगभर सारखंच आहे, तो तपास पूर्ण होण्याआधी मतदानापर्यंत टिकला की पुरे. आपल्या आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना बजावलं की असा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढावा. भोसरीतल्या संध्याकाळी तीन तासांत किती ग्रुप भरतात हे आपण जाणतोच. मतदानाच्या आदल्या रात्री आलेली निनावी फीत पुढे न पाठवणं हाच त्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय मला दिसतो.

आश्वासनांच्या बातम्या तपासणं त्यामानाने सोपं आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षानुवर्षं निवडणुका गाजवलेला विषय म्हणजे शास्तीकर. अनधिकृत बांधकामावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली मिळकत कराच्या दुपटीपर्यंत लागणारा हा दंड. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने तो माफ केला. ‘शास्तीकर माफ’ हे वाक्य खरं. पण माफीसाठी मूळ कर भरायचा होता, आणि दंड माफ झाला म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही. ज्याच्या घराला नोटीस येऊ शकते, त्याच्यासाठी या दोन वाक्यांतलं अंतर फार मोठं आहे, आणि ते घोषणेच्या फलकावर मावत नाही. शासन निर्णय वाचला तरच कळतं. प्रत्येक शासन निर्णयावर अठरा अंकी संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत उघडते. उघडली नाही, किंवा तारीख जुळत नसेल, तर हातातल्या फोटोवर विश्वास ठेवू नये. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा, रक्कम १,५०० रुपये. प्रचारात महायुतीने २,१०० आणि महाविकास आघाडीने महिलांसाठी ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं. जाहीरनाम्यातली रक्कम आणि निर्णयातली रक्कम यांत गल्लत करणारा मेसेज आला, तर संकेतांक मागावा.

दुबार मतदारांचा विषयही भोसरीत नेहमी पेटतो, कारण इथे कामाला आलेल्या अनेकांची नावं गावच्या यादीतही राहिलेली असतात. दोन ठिकाणी नाव असणं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार चालत नाही. पण यादीतली दोन सारखी नावं म्हणजे एकच माणूस, असं होत नाही. वडिलांचं नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक आणि फोटो जुळल्याशिवाय ‘बोगस’ हा शब्द एखाद्याला चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं. हरकतीसाठी फॉर्म ७ आहे, स्वतःचा पत्ता बदलायला फॉर्म ८.

मग खरं-खोटं कुणी ठरवायचं? केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियम बदलून, स्वतःच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवणारा कक्ष नेमायचा अधिकार घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. २० सप्टेंबर २०२४ ला न्या. अतुल चांदूरकर यांनी तिसऱ्या न्यायमूर्तीचं मत दिलं आणि ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच तिच्यावर शिक्का मारायचा, ही तपासणी होत नाही. त्याच कारणाने २० डिसेंबर २०२४ चा बदल मला खटकतो. निवडणूक संचालन नियमांच्या नियम ९३ मध्ये दुरुस्ती होऊन केंद्रांवरच्या सीसीटीव्ही चित्रणासारख्या गोष्टी नागरिकांना मागता येणाऱ्या कागदपत्रांतून वगळल्या गेल्या. मतदाराच्या गोपनीयतेचं कारण त्यासाठी पुढे केलं गेलं आणि ते क्षुल्लक नाही. पण शंका घेणाऱ्याला दाखवायचे पुरावे जितके कमी होतील, तितकी अफवेला जागा मोकळी होईल.

जे मार्ग उरले आहेत त्यांना मुदती आहेत. प्रचारकाळात पैसेवाटप किंवा आचारसंहितेचा भंग दिसला, तर सी-व्हिजिल ॲपवरून जागेवरचाच फोटो किंवा व्हिडिओ पाठवता येतो आणि शंभर मिनिटांत कारवाईचं उत्तर अपेक्षित असतं. यादीच्या प्रश्नांसाठी १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. यंत्राविषयी शंका असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची पडताळणी मागता येते, आणि तो अर्ज निकालानंतर सात दिवसांत करावा लागतो. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांत दाखल व्हावी लागते. ती उमेदवाराप्रमाणे त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार दाखल करू शकतो.