आधी तोल, मग रेडिओ: एरोबॅटिक आरसी विमान कसं जुळवायचं?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी उतारा. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

आजचा विषय आहे रेडिओ कंट्रोलवर चालणारं एरोबॅटिक विमान. लूप, रोल, उलटं उडणं, एका कडेवर उडणं, हे सगळं करणारं. याबद्दल एक प्रश्न हमखास येतो: “दादा, विमान एका बाजूला ओढतंय, रेडिओत कोणतं मिक्सिंग टाकू?”

उत्तर आहे, सध्या कोणतंच नको. कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळेल. डेटाबेसमध्ये नोंद चुकीची आहे आणि आपण ती तशीच ठेवून स्क्रीनवर बरोबर आकडा दाखवतोय, असं झालं ते. एका पानावर चालेल, दुसऱ्यावर फुटेल.

विमानात ते कुठे फुटतं बघा. शिकाऊ विमानाचे पंख टोकाकडे वर उचललेले असतात, त्यामुळे स्टिक सोडली की ते आपोआप सावरतं. एरोबॅटिक विमानाला तसं सावरणं नको असतं. त्याच्या पंखाचा छेद वरून-खालून सारखा असतो, जिथे सोडाल तिथेच ते राहायला हवं. समजा नाक जड आहे म्हणून तुम्ही एलिव्हेटरला वरचं ट्रिम दिलं. सरळ उडताना छान वाटेल. पण विमान उलटं केलं की तेच ट्रिम नाक जमिनीकडे नेतं, आणि वजनही तिकडेच ओढतं. म्हणजे चूक डबल. म्हणून क्रम पाळायचा: तोल, जोडण्या, रेडिओ, आणि मग हवेतली चाचणी.

पहिलं: तोल. बॅटरीसकट विमान पूर्ण जोडा आणि मॅन्युअलमधल्या खुणेवर तोला. साधारणपणे हा बिंदू पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर, पुढच्या कडेपासून मोजून, येतो. पहिल्या उड्डाणाला दिलेल्या मर्यादेत पुढच्या बाजूला राहा. तोल साधायला बॅटरी पुढे-मागे सरकवा, शिसं चिकटवणं शेवटचा उपाय. मग आडवा तोल. पुढे स्पिनर आणि मागे शेपूट धरून विमान उचला. एक पंख सारखा खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकाला एखाद-दोन ग्रॅम वजन चिकटवून पुन्हा बघा.

दुसरं: जोडण्या. रेडिओतलं ट्रिम आणि सब-ट्रिम शून्य करा. स्टिक मध्यावर असताना सर्व्होचा हात पुशरॉडला काटकोनात हवा. एलिव्हेटर किंवा एलेरॉन सरळ रेषेत आणायचं ते पुशरॉडची लांबी फिरवून, रेडिओतून नाही. हालचाल जास्त वाटली तर पुशरॉड सर्व्होच्या आतल्या छिद्रात किंवा हॉर्नच्या बाहेरच्या छिद्रात घ्या. रेडिओत ट्रॅव्हल ४० टक्क्यांवर आणलं तर सर्व्होची बारीक हालचाल करायची क्षमता वाया जाते. शेवटी विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर जायला हवा. पाच सेकंदांचं काम, पण हे उलटं असेल तर उड्डाणही पाचच सेकंदांचं.

तिसरं: रेडिओ. दोन रेट ठेवा. कमी रेटवर एलिव्हेटर १२ ते १५ अंश, एलेरॉन १५ ते २० अंश आणि एक्स्पो ३० टक्क्यांच्या आसपास. एक्स्पो म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणं. जास्त रेट थ्रीडी कसरतींसाठी, त्यात हालचाल ४० अंशांच्या पुढे जाते आणि एक्स्पोही वाढवावा लागतो. एक सावधगिरी: मऊ करणारा एक्स्पो काही कंपन्यांच्या रेडिओत अधिक चिन्हाचा असतो, काहींत उणे. सर्व्होकडे बघूनच खात्री करा.

आणि फेलसेफ! सिग्नल तुटला की मोटर बंद झालीच पाहिजे. प्रोपेलर काढून ठेवा, मोटर चालू करा आणि ट्रान्समीटर बंद करून बघा. मग रेंज चेक.

इथे आमच्या जऊळक्याचं सांगतो. आपल्याकडे क्लबची धावपट्टी नसते. नांगरलेल्या काळ्या जमिनीत ढेकळांना चाक अडतं, म्हणून मोकळा माळ शोधावा लागतो. शेजारच्या वावरात कोणीतरी काम करतच असतं. एका काकांनी विचारलेला प्रश्न मला कोणत्याही मॅन्युअलपेक्षा मोठा वाटतो: “कावून रे बाबू, हे इमान माह्या तुरीत त नाही पडनार ना? बाया निंदून राह्यल्या तिथं.” पडणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण पडलंच तर प्रोपेलर बंद असेल आणि बायांच्या डोक्यावरून आपण उडवणार नाही, एवढं नक्की देता येतं. रेल्वे लाइन, विजेच्या तारा आणि माणसं, या तिन्हींपासून लांब. २०२१ च्या ड्रोन नियमांत ग्रीन झोनची कमाल उंची ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर आहे. आपली जागा कोणत्या झोनमध्ये येते ते डिजिटल स्कायच्या नकाशावर बघून घ्या.

चौथं: हवेतली चाचणी. सकाळी, वारा पडलेला असताना. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, तेव्हा विमान हललं की हवा हलली ते कळत नाही. एका वेळी एकच बदल.

आधी सरळ, समांतर उडवून ट्रिम करा. उतरवा, तेवढा बदल पुशरॉडमध्ये करा आणि ट्रिम परत शून्यावर आणा.

मग तोलाची खरी परीक्षा. ४५ अंशांत वर चढा, अर्धा रोल करून उलटे व्हा आणि एलिव्हेटर सोडा. विमान थोडं सरळ जाऊन हळूहळू खाली झुकलं तर तोल बरोबर. झपकन खाली आलं तर नाक जड. आणखी वर चढायला लागलं तर शेपूट जड. बॅटरी सरकवा, पुन्हा करा.

आता वाऱ्याकडे तोंड करून, फुल थ्रॉटलवर सरळ उभं वर. नाक डावीकडे वळत असेल तर मोटर किंचित उजवीकडे वळवा, माउंटखाली पातळ वॉशर घालून. उजवीकडे जात असेल तर उलट.

शेवटी नाइफ एज, दोन्ही बाजूंनी. फक्त रडरवर धरल्यावर विमान कॅनॉपीकडे किंवा पोटाकडे ओढतंय का? स्वतःहून रोल होतंय का? आता, आत्ता कुठे, मिक्सिंगची वेळ आली. रडरबरोबर थोडं एलिव्हेटर, थोडं एलेरॉन. बाकी सगळं जागेवर असेल तर आकडा लहानच लागतो. मोठा लागला तर मागच्या पायऱ्या पुन्हा तपासा.

आपल्या उन्हाळ्यासाठी दोन गोष्टी. लिथियम पॉलिमर बॅटरी आणि फोमचं विमान बंद गाडीत उन्हात ठेवू नका. बॅटरी फुगते, फोम वाकतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आणि काही दिवस उडवणार नसाल तर बॅटरी फुल ठेवू नका, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

शाळा-कॉलेजात असाल तर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करा. तिथे एरोमॉडेलिंग असतं आणि वायुसैनिक कॅम्पमध्ये त्याची स्पर्धाही होते.

प्रत्येक उड्डाणानंतर मोबाइलमध्ये एक ओळ लिहा: काय बदललं, काय झालं. तुमचं विमान या चाचण्यांत कुठे अडकतंय ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. फक्त त्यात तोल किती टक्क्यांवर आहे ते आधी सांगा, मिक्सिंगचं नंतर बोलू. चला, भेटू पुढच्या भागात!