गोळ्या तीन, आजार वेगवेगळे. पण त्रासाची होते बेरीज

सर्दीला सीपीएम, पोटात मुरडा आला की डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिन. डॉक्टर वेगळे, पण तिन्ही गोळ्या शरीरातल्या ॲसिटिलकोलीन या एकाच रसायनाचं काम अडवतात. बांधावरच्या धोतऱ्याचं विषही हेच करतं. म्हणून त्रासाची बेरीज होते: तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं, अंधुक दिसणं. म्हाताऱ्या माणसांत विसरणं, बरळणं, तोल जाऊन पडणंही. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’

कळंब असो की उमरगा, दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत न्या, मेडिकलवरून परस्पर आणलेलीही. विचारा, ‘डॉक्टर, यातली कुठली कमी होईल?’ मनानं गोळी बंद करू नका. लघवी अडली किंवा माणूस अचानक बरळू लागला, तर लगेच दवाखाना गाठा.